लाल पट्टीचा बोर्ड

कागद एकच होता आणि त्याच्या तळाशी तिचं नाव होतं. विभागप्रमुख बाईंनी तो सकाळी सव्वादहाला तिच्या टेबलावर ठेवला, "चार वाजता बसायचंय. तोवर जरा आठवून ठेवा," एवढंच म्हणाल्या आणि उभ्याउभ्या निघून गेल्या. एरवी त्या बसायच्या. कुणाच्याही टेबलाशी आल्या की खुर्ची ओढून घरच्या दोन गोष्टी बोलल्याशिवाय कामाचं काढायच्या नाहीत. म्हणजे प्रकरण बसून बोलण्याच्या पलीकडे गेलं होतं. तिनं कागद वाचला. चौदा महिन्यांपूर्वी तिच्या प्रोग्राममधल्या एकसष्ट ओळी कुणीतरी काढून टाकल्या होत्या आणि त्यांच्या जागी नवीन एकही घातली नव्हती. बदल करणाऱ्याच्या जागी ऑफिसातल्या मास्तरांचं नाव होतं, तपासणाऱ्याच्या जागी तिचं, आणि मध्ये एक वाक्य: लाल पट्टीच्या टेस्ट बोर्डवर अठ्ठेचाळीस तास चालवून पाहिलं, सर्व ठीक. हे वाक्य तिनं तीनदा वाचलं. आपण हे तपासल्याचं तिला काही केल्या आठवेना. नाव मात्र तिचंच होतं, आडनावासकट, स्पेलिंगची चूक न करता.

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. बदल करणारा एकट्याच्या जबाबदारीवर काही आत घालू शकत नाही. दुसऱ्या कुणीतरी तो तपासायचा, मग त्याचं नाव खाली पडायचं. पण ते नाव टाइप करतो बदल करणाराच. सही नाही, अंगठा नाही, साक्षीदार नाही. इतकी हुशार माणसं, लाखो ओळी लिहिणारी, सगळा कारभार एकमेकांच्या शब्दावर चालवतात आणि त्यात काही गडबड आहे असं कुणाला वाटत नाही. तिलाही कधी वाटलं नव्हतं. तिचं नाव अशा किती कागदांखाली असेल याचा हिशेब तिनं ठेवला नव्हता, आणि मास्तरांनी घातलेला तिच्या नावाचा कागद तर तिनं कधी उघडूनही बघितला नव्हता. आपल्या ताटातलं कुणी मोजतं का, तसंच ते.

ते लोक हॉस्पिटलांसाठी मशीन बनवायचे. पेशंटच्या उशाशी ठेवायचं, रात्रभर हृदयाचे ठोके टिपायचं आणि नखाएवढ्या कार्डावर लिहून ठेवायचं, की सकाळी डॉक्टरांनी येऊन रात्र वाचावी. कार्डावर प्रत्यक्ष लिहायचं काम एका चिपचं, आणि त्या चिपला काय उचल, कुठे ठेव हे सांगणारा प्रोग्राम तिचा. काढलेल्या एकसष्ट ओळी त्यातल्याच. ऑफिसात त्यांना 'ओटा' म्हणत. नाव तिनंच ठेवलेलं. मशीनच्या मेमरीत प्रत्येक जागेला घरासारखा नंबर असतो, आणि त्या चिपला ठरावीक लांबीपर्यंतचेच नंबर कळायचे. त्याहून मोठा नंबर दिला तर 'कळला नाही' असं ती म्हणायची नाही. म्हणाली असती तर भांडणच नव्हतं. ती पुढचे आकडे खुशाल गाळायची, उरलेल्या नंबरच्या घरात माल उतरवायची आणि परत येऊन सांगायची, काम झालं. ज्याचा माल त्याचं घर रिकामं, आणि दुसऱ्याच कुणाच्या घरात नको तो पसारा. म्हणून तिनं मेमरीच्या अगदी सुरुवातीला, चिपचा हात पोचेल अशा लहान नंबरांवर, थोडी जागा राखून ठेवली होती. चिपनं आणलेलं आधी त्या ओट्यावर ठेवायचं, मग आपण ते वर न्यायचं. वरचं पाठवायचं असेल तर तेही आधी ओट्यावर आणायचं. प्रत्येक गोष्ट दोनदा उचलावी लागे आणि वेळ जाई. त्यावरून तिचं नाव कॉपीबाई पडलं. "कॉपीबाईंचं मशीन सुरू झालं, चला, चहा पिऊन येऊ." ती हसण्यावारी न्यायची. हळू चालतंय, पण खोटं बोलत नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

'काम झालं' या शब्दांवर विश्वास ठेवायचा नाही हे तिला मास्तरांनीच शिकवलं होतं. ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. सगळ्यांच्या कामावर लाल पेनानं खुणा करायचे म्हणून ऑफिसनं त्यांना मास्तर केलं. ती आली तेव्हा तेवीस वर्षांची, कॉलेजात पहिली आलेली, नाक वर. पहिल्याच आठवड्यात तिचं मशीन 'झालं' म्हणालं आणि तिनंही मास्तरांना जाऊन सांगितलं, झालं. "कोण म्हणतं?" मास्तरांनी विचारलं. मशीन म्हणतं. "मशीन काय, माझी धाकटी मेव्हणीसुद्धा म्हणते, येते म्हणून. आली का बघायला दारात जावं लागतं." मग त्यांनी तिला कार्डावर लिहिलेलं परत वाचायला लावलं. मास्तरांची आकड्यांची एक ओळ ठरलेली होती, कार्डावर प्रत्येक चाचणीत तीच लिहायची: सात एक चार नऊ, दोन दोन आठ शून्य. पुन्हा सात एक चार नऊ, दोन दोन आठ शून्य, असं कार्ड भरेपर्यंत. ही ओळ कुठून आणली म्हणून विचारलं तर नुसते हसायचे. खुर्ची भिंतीकडे फिरवून, डोळे मिटून ते बसायचे आणि म्हणायचे, "वाच. मोठ्यानं वाच." ती वाचायची. एखादा आकडा चुकला की डोळे न उघडता बोट वर करायचे. "डोळ्यांनी वाचलं की माणूस आपल्या सोयीनं वाचतं. तोंडानं वाचलं की सोय संपते." आणि शेवटी, सगळं जमलं की, "बरोबर." या एका शब्दासाठी तिनं किती दुपारी घसा कोरडा केला. तिचे वडील ती चार वर्षांची असताना गेले होते, त्यांचा आवाज तिला आठवत नव्हता. पुढे लग्न मोडलं तेव्हा सगळे नातेवाईक सल्ले द्यायला आले, एकट्या मास्तरांनी काही विचारलं नाही, टेबलावर एक बिघडलेला बोर्ड आणून ठेवला आणि म्हणाले, "हा तुझ्यासारखाच रुसलाय, बघ जरा." त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत रडली नाही. आता ती चव्वेचाळीसची होती, स्वतः चष्मा लावत होती, हाताखाली चार माणसं होती, तरी मास्तर अजून तिला समोर बसवून म्हणत, "वाच बघू मोठ्यानं." केबल लावायची असली की, "तू लाव गं, तुझी बोटं लहान आहेत." हाताखालची माणसं एकमेकांकडे बघून हसायची, आणि तिला त्या हसण्याचा मनातून अभिमान वाटायचा.

साडेअकराला चहाचा कप विसळताना तिला ते आठवलं. नळाचं पाणी कपात पडत होतं आणि एकदम तो व्हरांडा डोळ्यांपुढे उभा राहिला: फिनेलचा वास, भिंतीला लावलेली प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची रांग, आणि आईला तपासणीला आत नेलेलं. चौदा महिन्यांपूर्वी. आई अकरा दिवस हॉस्पिटलात होती आणि ते अकरा दिवस ती त्या रांगेतल्या तिसऱ्या खुर्चीवर होती. पहिलीचा पाय लंगडा होता आणि दुसरीच्या डोक्यावर पंखा. पर्स मांडीवर, हात पर्सच्या आत, बोटं किल्ल्यांच्या जुडग्याशी चाळा करतायत. फोन वाजला. मास्तर. "बाई, आई कशी आहे?" तशीच, ती म्हणाली. "धीर धर. बरं ऐक, आत्ता सांगणं बरं नाही, पण माल पाठवायचाय. नवी चिप आलीय ना, ती म्हणते मला सगळे नंबर कळतात. मग तुझा ओटा काढतोय. लाल पट्टीवाल्यावर दोन दिवस चालवलं. झकास चाललं. तुझं नाव घालू ना?" आणि तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली होती, कुणाचे नातेवाईक म्हणून विचारत होती, आणि ती उठता उठता फोनमध्ये म्हणाली, "तुम्ही बघितलंत ना? मग घाला. मला काय विचारता." हे शब्द तिला आता जसेच्या तसे ऐकू आले. त्यातला सुटकेचा सूरसुद्धा. जगात निदान एक गोष्ट आपल्याला बघायला नको, ती मास्तर बघतायत.

म्हणजे नाव तिनं दिलेलं होतं. तिनं कप पालथा घातला, नळ बंद केला आणि तिथंच उभी राहिली. सकाळपासून मनाच्या तळाशी जे चाललं होतं, की कुणीतरी आपलं नाव चोरलं, ते लटकं ठरलं. चोरी नव्हती, देणगी होती. आता तिला आठवायचं नव्हतं ते आठवू लागलं: हॉस्पिटलचं पत्र, विभागप्रमुखांनी गेल्या आठवड्यात सगळ्यांना वाचून दाखवलेलं. एक मुलगी सकाळी सात वाजता आईला भेटायला वॉर्डात आली. उशाशी मशीन होतं, त्याच्या पडद्यावर रात्रीची नोंद लावलेली होती, आणि पहाटे तीनपासून पुढे सरळ रेघ होती. मुलगी तिथंच खाली कोसळली, पडताना पलंगाची कड लागून तिच्या भुवईला सात टाके पडले. आई बाजूला घोरत होती. ठोके पडत होते, मशीननं टिपले होते, चिपनं ते कुठेतरी भलत्याच घरी टाकून 'काम झालं' म्हटलं होतं. पत्र ऐकताना खोलीत एकजण फिसकन हसलाही होता, घोरण्यावर. ती हसली नव्हती. तिला ती खुर्ची माहीत होती, ती दाराकडे लागलेली नजर माहीत होती. आणि आता त्या मुलीच्या भुवईवर तिचं नाव होतं.

एकच्या सुमाराला मास्तर आले. नेहमीसारखे दारात थबकले, मग टेबलाच्या कडेला हात लावत येऊन समोर बसले. तीन महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. गळ्याखालचं वरचं बटण हल्ली उघडं असायचं, केस पांढरेशुभ्र, दाढी एका बाजूला थोडी राहिलेली. "कागद मिळाला?" त्यांनी विचारलं. "मिळाला." "मग?" "मास्तर, लाल पट्टीवर खरंच चाललं होतं ना?" "दोन दिवस, बाई. मी स्वतः." "मग आता का चुकतंय?" "चिपचे नखरे. कधी करते, कधी नाही. पावसाळी हवेत एखाद्याचा गुडघा दुखावा तसं." ते हसले. मग पुढे झुकले आणि आवाज खाली आणला. "हे बघ. तू हो म्हण. मी बघितलं होतं म्हण. तुझ्या हातून एक निसटलं तर लोक म्हणतील, आई आजारी होती, माणूस आहे. वर्षभर पगारवाढ अडेल, दोन टोमणे खाशील, सावरशील. माझ्या हातून निसटलं म्हटलं तर म्हणतील म्हातारा झाला, काढा. चाळीस वर्षं घातलीत इथं. तीन महिने राहिलेत गं." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी कधी काही मागितलं नव्हतं. तिनं मान हलवली. ते तसेच तिच्याकडे बघत राहिले. "काय म्हणतेस?" त्यांनी विचारलं. "हो म्हटलं," ती म्हणाली. त्यांनी टेबलावर दोनदा तळवा आपटला, उठले, आणि जाताना तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिला बरं वाटलं. नाव आपण दिलं होतं, आता निस्तरायचंही आपणच, यात एक प्रकारची शोभा होती.

आता हो म्हणायचंच आहे तर निदान नीट म्हणावं, असा विचार तिनं केला. चार वाजता लोक विचारतील, कधी करते आणि कधी करत नाही म्हणजे नक्की कधी? बोर्ड काढून बघायला हवा होता. ऑफिसात बोर्ड ढीगभर होते, पण सगळे जुने, थोड्या मेमरीचे. त्यांच्यावर मोठा नंबर मुळात नसायचाच. चिपचा हात सगळीकडे पोचायचा आणि चाचणी हमखास पास व्हायची. आंधळ्याला अंधारात काय फरक, तसं. हॉस्पिटलात जाणाऱ्या मशीनएवढी मेमरी असलेला बोर्ड एकच होता. त्यावर तिनं लाल टेप चिकटवली होती, आणि लोक बोर्ड नेऊन हरवतात म्हणून तो तिच्या कपाटाच्या खालच्या खणात कुलपात असायचा. ज्याला हवा त्यानं तिच्याकडून किल्ली न्यायची. तिनं पर्स उघडली, आत हात घातला, बोटांना जुडगा लागला, त्यातली ती लहान पितळी किल्ली अंगठ्याखाली आली, आणि हात तिथंच थांबला.

फिनेलचा वास. तिसरी खुर्ची. पर्समध्ये हात. "लाल पट्टीवाल्यावर दोन दिवस चालवलं. झकास चाललं." हे शब्द कानात पडत होते तेव्हा ही किल्ली तिच्या अंगठ्याखाली होती. हीच. ती तिच्याशी खेळत होती.

माणूस अशा वेळी आधी दुसऱ्याच्या बाजूनं खटपट करतो. तिनंही केली. दुसरी किल्ली होती, पण ती घरी, आईच्या शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली. खण फोडला असता तर दिसला असता. तारीख चुकली असेल म्हणून तिनं कागद पुन्हा बघितला, एकोणीस. आई बारा तारखेला आत गेली, बावीसला घरी आली. मग तिनं खण उघडला, बोर्ड काढला, टेबलावर मांडला, ओटा नसलेला तो प्रोग्राम त्यावर चढवला आणि चाचणी लावली. दोन दिवस लागणार नव्हते. चार सेकंद लागले. मशीन म्हणालं, काम झालं. परत वाचलं तर सात एक चार नऊच्या जागी शून्य, शून्य, शून्य. तिनं पुन्हा लावली. शून्य. पुन्हा. नखरे कसले, नोंद वाढून मोठा नंबर लागला की चिप दर वेळी अगदी नेमानं खोटं बोलत होती; लहान नंबर पुरले तोवरच, म्हणजे त्या रात्री तीनपर्यंत, सगळं ठीक. सगळे नंबर कळतात असं तिच्या पाठीवर छापून आणलेलं, आत तीच जुनी. एकदा, एकदाच कुणी हा बोर्ड लावून बघितला असता तर चार सेकंदांत कळलं असतं. मास्तरांनी लावलाच नव्हता. त्यांनी कुठलातरी शेल्फावरचा जुना बोर्ड घेतला, किंवा तोही घेतला नाही, आणि आईच्या आजारपणात, व्हरांड्यात फोन करून, आधी आईची चौकशी करून, मग तिला खोटं सांगितलं. आणि आज दुपारी तिच्या डोक्यावर हात ठेवून तेच पुन्हा सांगितलं.

रागाच्या आधी लाज आली, हे तिला विचित्र वाटलं. फसवणारा तो, लाज आपल्याला. एकवीस वर्षं. तिला ते सगळे 'बरोबर' आठवू लागले आणि प्रत्येकाचा रंग बदलला होता. रुसलेला बोर्ड आठवला. तो तिच्यासाठी आणला होता की त्यांना स्वतःला दुरुस्त करायचा कंटाळा आला होता? असलं काही मनात येणं हाच केवढा अपमान होता, त्यांचा नाही, तिच्या त्या संध्याकाळचा. नवऱ्यानं फसवलं होतं तेव्हा निदान तो परका होता. तेव्हा ती म्हणू शकली होती, मला माणसं ओळखता येत नाहीत, पण एक माणूस मी ओळखलंय. आता तेही गेलं. घड्याळात तीन पंचेचाळीस झाले. तिला कुणाला तरी फोन करावासा वाटला आणि असा फोन ती ज्याला करत आली होती तो माणूस चार खोल्या पलीकडे बसला होता. मग मात्र राग आला, चांगला सणसणीत. तिनं ठरवलं, हो म्हणायचं नाही आणि नाहीही म्हणायचं नाही. त्यांच्याच हातानं लावायला लावायचं, त्यांच्याच तोंडानं वाचायला लावायचं. त्यांच्या तोंडून शून्य ऐकायचं.

बैठकीच्या खोलीत विभागप्रमुख होत्या, हॉस्पिटलच्या वतीनं आलेले एक सभ्य गृहस्थ होते, आणि मास्तर होते, भिंतीकडेच्या खुर्चीत, हात गुडघ्यांवर. ती बोर्ड आणि छोटा पडदा घेऊन शिरली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून स्मित केलं. विभागप्रमुखांनी वेळ घालवला नाही. "तुम्ही तपासलं होतं?" त्यांनी विचारलं. सगळे तिच्याकडे बघू लागले. "आधी बोर्ड चालवून बघू," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "मास्तरांनी दोन दिवस चालवला होता. तेच आत्ता चालवतील." मास्तरांच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. "आत्ता कशाला बाई, कागदावर आहे की सगळं." "दोन मिनिटांचं तर काम," विभागप्रमुख म्हणाल्या, "बघू या ना." मास्तर उठले. टेबलाशी आले. केबलचं टोक चिमटीत धरून त्यांनी बोर्डवरची खाच शोधली, आणि टोक खाचेच्या शेजारी लागलं. पुन्हा धरलं, पुन्हा शेजारी. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं आधी बोर्ड चाचपला. मग हसून म्हणाले, "लाव गं एवढं. तुझी बोटं लहान आहेत." आणि ती, एवढा राग पोटात असून, उठली आणि तिनं केबल लावून दिली. हातांना अजून काही कळलं नव्हतं.

चार सेकंद. पडद्यावर अक्षरं आली, काम झालं. तिनं वाचायची कळ दाबली आणि पडदा काठोकाठ आकड्यांनी भरला. "वाचा मास्तर," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

मास्तर पडद्याकडे झुकले. विभागप्रमुख पडद्याकडे बघत होत्या, ते गृहस्थ बघत होते, ती बघत होती. वरपासून खालपर्यंत शून्यं होती, गोल, हिरवी, एकसारखी. मास्तरांनी घसा साफ केला. आणि मग त्या जुन्या, संथ, मास्तरकीच्या आवाजात, ठेक्यावर, एकही आकडा न चुकवता त्यांनी वाचायला सुरुवात केली. "सात एक चार नऊ. दोन दोन आठ शून्य. सात एक चार नऊ. दोन दोन आठ शून्य."

ती हललीच नाही. कुणीच हललं नाही. ते बोटानं पडद्यावर ओळ धरून वाचत होते, एक ओळ संपली की बोट खाली घेत होते, सगळं अगदी खरं वाटेल असं. तू लाव गं, तुझी बोटं लहान. वाच बघू मोठ्यानं. काय म्हणतेस? तिनं मान हलवली होती आणि त्यांना दिसली नव्हती. किती वर्षं? दोन? पाच? शिकवणं कुठे संपलं आणि लपवणं कुठे सुरू झालं, तिला शोधून सापडेना. ती एकेक दुपार उलगडत मागे गेली आणि प्रत्येक दुपारी ती समोर बसून अभिमानानं वाचत होती, त्यांना न दिसणारे आकडे. खोटं बोलले ते भीतीपोटी, हे तिला आता कळलं. आणि कळून राग काही कमी झाला नाही. उलट त्याला आता तळच राहिला नाही. सांगायचं होतं. एवढंच सांगायचं होतं, की बाई, दिसत नाही गं. मी रोज वाचून दाखवलं असतं, जन्मभर, कुणाला कळू दिलं नसतं. अख्ख्या जगात ज्याला हे सांगता आलं असतं त्या माणसालाच त्यांनी फसवायला निवडलं.

"बरोबर ना गं?" मास्तरांनी विचारलं. ते थांबले होते आणि ती मघाशी जिथे बसली होती त्या बाजूला तोंड करून वाट बघत होते. विभागप्रमुखांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं होतं. तिनं हात करून त्यांना थांबवलं.

"नाही, मास्तर," ती म्हणाली. "मी तपासलं नव्हतं. तुम्हीही नाही." आवाज कुठून येतो तिकडे त्यांनी चेहरा वळवला. गळ्याखालचं उघडं बटण ते चाचपडत होते. "काय आहे मग तिथे?" त्यांनी हळूच विचारलं, तिला एकटीला विचारावं तसं.

तिनं खुर्ची ओढली, त्यांच्याशेजारी बसली, चष्मा नीट केला. "वाचते," ती म्हणाली, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून, त्यांनी शिकवलेल्या ठेक्यावर, मोठ्यानं वाचू लागली. "शून्य शून्य शून्य शून्य. शून्य शून्य शून्य शून्य." मास्तरांनी ऐकायला डोळे मिटले होते.